बाहुली नव्हे, अ‍ॅक्शन फिगर!

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. माझ्याकडे एक बाहुली होती. होती म्हणजे, अजूनही आहे. (इथे मेकॅनिकलच्या मागच्या बाकांवरून शिट्ट्या येणार हे गृहीत धरूनच पुढे लिहितोय.)

गोष्ट २०१५ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली. मी चौथीतून पाचवीत गेलो होतो. एप्रिलच्या शेवटी 'अ‍ॅव्हेंजर्स : एज ऑफ अल्ट्रॉन' लागला आणि पुण्याच्या मामाने मला तो दाखवला. थिएटरमधून बाहेर आल्यावर मामा खुशीत होता. म्हणाला, "चल, तुला यातला एक हिरो घेऊन देतो. कोण पाहिजे?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "ब्लॅक विडो."

मामा थबकला. "अरे, हल्क घे की. आयर्न मॅन घे. ही कशाला?"

"मला हीच पाहिजे."

"बाई आहे रे ती."

"माहितेय."

मामाने दुकानदाराकडे बघितलं, दुकानदाराने मामाकडे बघितलं, आणि शेवटी ती पाकिटातून माझ्या हातात आली. लाल केस, काळा पोशाख, कोपरात आणि गुडघ्यात वाकणारी. परतीच्या एस. टी. त मी तिला खिडकीच्या गजावरून चालवत आणलं.

मला तीच का हवी होती? खरं सांगतो, त्यात स्त्री-पुरुष समानता वगैरे काही नव्हतं. दहा वर्षांच्या पोराला असले शब्द कुठे माहीत असणार? कारण अगदी साधं होतं. बाकी सगळ्यांकडे काही ना काही जबरदस्त होतं. एकाकडे हातोडा, एकाकडे उडणारा सूट, एक चिडला की हिरवा होऊन भिंती फोडायचा. हिच्याकडे तसलं काहीच नव्हतं. तरी ती त्यांच्याच रांगेत उभी राहून लढत होती. मी वर्गातला सगळ्यात किडकिडीत मुलगा होतो. कबड्डीत मला शेवटी निवडायचे. त्या अख्ख्या टीममध्ये मला माझ्यासारखी वाटलेली ती एकटीच!

दुसऱ्या दिवशी मी तिला गल्लीत घेऊन गेलो. पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. पाच मिनिटांत "बाहुल्या खेळतोय, बाहुल्या खेळतोय" असा कोरस सुरू झाला. एकाने तर "भातुकली पण आण की" असा सल्लाही दिला. मी आधी जीव तोडून सांगून पाहिलं, "बाहुली नाहीये, अ‍ॅक्शन फिगर आहे!" उपयोग शून्य. मग मी ते वाक्य बोललो, ज्याची मला आजही लाज वाटते.

"माझी नाहीये. बहिणीची आहे."

घरी येऊन मी ती खरोखरच बहिणीला देऊन टाकली. ती तेव्हा पाच वर्षांची. तिने बाहुली उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, "दादा, मला ही नको. मला तुझा ट्रक पाहिजे." दिला. संध्याकाळी ती माझा ट्रक दोरीने ओढत गल्लीभर हिंडली. कोणी हसलं नाही. उलट समोरच्या काकू आईला कौतुकाने म्हणाल्या, "अगदी मुलासारखी धीट आहे हो तुमची!" आणि माझी ब्लॅक विडो गेली आईच्या शिलाई मशीनच्या खणात, रिळं आणि बटणांच्या सोबतीला.

एकाच घरातली दोन भावंडं. एकाच दिवशी दोघांनी 'दुसऱ्याचं' खेळणं घेतलं. एकाला टोमणे, एकीला शाबासकी. या लेखात मला जे म्हणायचंय ते सगळं या एका संध्याकाळीत आलंय. बाकीचं नुसतं स्पष्टीकरण!

आता थोडा इतिहास. 'बाहुली नाही, अ‍ॅक्शन फिगर आहे' हे वाक्य मी गल्लीत ओरडलो तेव्हा मला वाटलं होतं की ही माझी स्वतःची पळवाट आहे. नाही. हे वाक्य माझ्या जन्माच्या चाळीस वर्षं आधी एका खेळण्यांच्या कंपनीने तयार करून ठेवलं होतं. १९५९ साली अमेरिकेत बार्बी आली. बाहुली एकदा विकायची आणि मग तिचे कपडे, चपला, पर्सेस वर्षानुवर्षं विकत राहायच्या, असा तो झकास धंदा होता. हाच धंदा मुलग्यांमध्ये करायचं हॅस्ब्रो कंपनीच्या मनात आलं आणि १९६४ साली 'जी. आय. जो' नावाचा सैनिक बाजारात आला. जवळजवळ एक फूट उंच, हातपाय वाकणारा, गणवेश बदलता येणारा. म्हणजे शुद्ध बाहुली! पण मुलगे बाहुली घेणार नाहीत आणि त्यांचे बाप तर मुळीच घेणार नाहीत. म्हणून कंपनीने नवा शब्दच काढला : 'अ‍ॅक्शन फिगर'. त्याला बाहुली म्हणायचं नाही, ही ताकीद विक्रेत्यांपर्यंत गेली होती.

म्हणजे बघा, वस्तू तीच. शब्द बदलला आणि मर्दानगी शाबूत राहिली.

याची पुढची गंमत कोर्टात झाली. अमेरिकेत परदेशातून येणाऱ्या बाहुल्यांवर आणि इतर खेळण्यांवर वेगवेगळी जकात असायची. जी. आय. जो बाहुली नाही असं म्हणत हॅस्ब्रो कोर्टात गेली. १९८९ मध्ये अपिलातही निकाल कंपनीच्या विरोधात लागला : कायद्याच्या नजरेत ही बाहुलीच! पुढे २००३ मध्ये 'एक्स-मेन'च्या खेळण्यांवरून असाच खटला झाला. बाहुलीवर १२ टक्के जकात आणि खेळण्यावर ६.८ टक्के, असा तो हिशोब होता. या वेळी मात्र कंपनी जिंकली. कारण काय, तर बाहुली म्हणजे माणसाची प्रतिकृती, आणि एक्स-मेन हे काही पुरते मानव नाहीत, सबब या बाहुल्या नव्हेत! कोर्टाचं सोडा, त्यांना जकातीचं बघायचं होतं. पण गल्लीत माझ्यावर जो खटला चालला, तो मुळात त्याहून फार वेगळा नव्हता. आयर्न मॅन हातात असता तर ती अ‍ॅक्शन फिगर. ब्लॅक विडो हातात आली की ती बाहुली. त्याच मापाची, त्याच प्लॅस्टिकची, त्याच सांध्यांची.

मग कंपन्यांनी बायकांच्या अ‍ॅक्शन फिगर काढल्याच नाहीत का? काढल्या, पण कशा ते बघा. जी. आय. जोच्या फौजेत पहिली बाई आली १९६७ मध्ये आणि ती होती नर्स. ती खपली नाही. मुलग्यांना नर्स नको होती आणि मुलींना ते खेळणं आपलं वाटलं नाही. (आज तीच दुर्मिळ म्हणून संग्राहक शोधत फिरतात, तो भाग वेगळा.) १९८२ मध्ये छोट्या आकाराची नवी फौज आली तेव्हा तिच्यात स्कार्लेट होती. तिच्या हातात क्रॉसबो होता आणि पाकिटावरच्या माहितीनुसार ती मार्शल आर्ट्समध्ये तयार होती, शिवाय कायद्याची पदवीधर. पण त्या पहिल्या तुकडीत बाई ती एकटीच.

आणि आता माझ्या विडोबद्दल. 'एज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये एक प्रसंग आहे. उडत्या विमानातून एक मोटरसायकल खाली रस्त्यावर पडते आणि तिच्यावर स्वार असते ब्लॅक विडो. मी त्या प्रसंगावर फिदा होतो. काडेपेटीला दोन बटणं चिकटवून मी तिच्यासाठी बाईकसुद्धा बनवली होती. तर त्या विमानाचं आणि बाईकचं खेळणं बाजारात आलं, त्यात बाईकवर कोण बसला होता? कॅप्टन अमेरिका! प्रसंग तिचा, गाडी तिची, आणि खेळण्यात गडी दुसराच. त्या वेळी यावर बरीच ओरड झाली. हल्कचं काम करणाऱ्या मार्क रफेलोनेसुद्धा जाहीरपणे मागणी केली की ब्लॅक विडोची आणखी खेळणी काढा. कोणासाठी? तर त्याच्या मुली आणि भाच्या यांच्यासाठी. भला माणूस, हेतूही चांगला. पण मुलगे आणि भाचे त्याच्याही यादीत नव्हते. चौथी पास झालेल्या एखाद्या किडकिडीत पोराला ती हवी असेल, हे त्याच्या बाजूने बोलणाऱ्यालाही सुचलं नाही!

हे एकटंदुकटं उदाहरण नाही. २०१३ च्या 'आयर्न मॅन ३'मध्ये मुख्य खलनायक आधी बाई होती. खेळणी खपणार नाहीत या भीतीने पटकथा बदलून तिथे पुरुष आणला गेला, असं खुद्द दिग्दर्शक शेन ब्लॅकनेच २०१६ मध्ये सांगितलं. २०१५ च्या शेवटी आलेल्या 'स्टार वॉर्स'ची नायिका होती रे. पण त्या सिनेमाबरोबर आलेल्या मोनोपॉलीच्या डब्यात रेची सोंगटीच नव्हती. आठ वर्षांच्या एका मुलीने कंपनीला पत्र लिहिलं, बोंबाबोंब झाली आणि २०१६ च्या जानेवारीत कंपनीने रेला डब्यात घ्यायचं कबूल केलं.

कंपन्यांचं उत्तर ठरलेलं : मुलगे घेत नाहीत म्हणून आम्ही काढत नाही. आपण कंट्रोल सिस्टीम्स शिकलेली (निदान त्यात पास झालेली) माणसं. आपल्याला हा प्रकार ओळखता यायला हवा. काढत नाहीत म्हणून दुकानात दिसत नाही. दिसत नाही म्हणून कोणाच्या हातात दिसत नाही. हातात दिसत नाही म्हणून जो घेतो तो विचित्र ठरतो. विचित्र ठरू नये म्हणून कोणी घेत नाही. आणि कोणी घेत नाही म्हणून काढत नाहीत. पॉझिटिव्ह फीडबॅक! सिस्टीम एका टोकाला जाऊन अडकून बसते आणि आपण म्हणतो, 'निसर्गच तसा आहे.'

निसर्गाचा विषय निघालाच आहे तर त्याचंही बोलू. माझा रूममेट हा लेख वाचून लगेच म्हणाला, "पण मुलांना गाड्या आणि मुलींना बाहुल्या आवडणं हे उपजतच असतं, माकडांवर प्रयोग झालेत." झालेत, खरं आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हर्वेट माकडांच्या अभ्यासात नर चेंडू आणि गाडीशी जास्त वेळ खेळले, माद्या बाहुली आणि पातेल्याशी. आता माकडिणीला पातेलं म्हणजे काय हे कसं कळलं, असा प्रश्न मला पडतो, पण तो सोडून देऊ. धरून चालू की काही आवडी उपजत असतात. तरी एक गोष्ट उरतेच. एखादं नर माकड बाहुली घेऊन बसलं म्हणून त्या पिंजऱ्यात त्याला कोणी 'बायल्या' म्हटलं नाही. आवड निसर्ग देत असेल, टोमणा आपणच देतो. शिवाय माझी आवड तर बाहुलीची नव्हतीच. लढाईची होती, बाईकवरून उडी मारण्याची होती. म्हणजे 'मुलग्यांची'च! फक्त लढणारी बाई होती, एवढाच माझा गुन्हा.

आणि टोमणा दोघांना सारखा बसत नाही. लेगो कंपनीने २०२१ मध्ये सात देशांतल्या जवळजवळ सात हजार पालकांना आणि मुलांना विचारून केलेली पाहणी प्रसिद्ध केली. दुसऱ्याचं समजलं जाणारं खेळणं घेतलं तर आपल्याला हसतील, अशी धास्ती ४२ टक्के मुलींना वाटत होती. मुलग्यांमध्ये हेच प्रमाण ७१ टक्के! त्या सात देशांत भारत नव्हता. आपल्याकडे विचारलं असतं तर काय आकडा आला असता याचा अंदाज ज्याने त्याने आपापल्या गल्लीवरून करावा.

हे असं का? मला वाटतं याचं उत्तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. "आम्ही आमच्या मुलीला मुलासारखं वाढवलं" हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल, अभिमानाने म्हटलेलं. आता त्याच अभिमानाने "आम्ही आमच्या मुलाला मुलीसारखं वाढवलं" असं म्हणणारा एकतरी बाप दाखवा! 'मर्दानी' हे कौतुक आहे, 'बायकी' ही शिवी आहे. मुलीने जिंकलं की 'वाघ आहे वाघ', मुलगा रडला की 'मुलीसारखा काय रडतोस'. म्हणजे मुलगी 'वर' चढते आणि मुलगा 'खाली' उतरतो. जिना एकच आहे आणि त्यात खालची पायरी कोणाची हे ठरलेलं आहे. गल्लीतली पोरं मला हसली तेव्हा ती खरं तर मला हसतच नव्हती. ती माझ्या बहिणीला हसत होती, आईला हसत होती. एवढंच की त्यांना ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

आणि ज्यांना वाटतं की हे सगळं अमेरिकेचं खूळ आहे, त्यांनी दिवाळीचा किल्ला आठवावा. आपल्या अ‍ॅक्शन फिगर काही आजच्या नाहीत. माती कालवून किल्ला करायचा, अळीव पेरायचे आणि बाजारातून चित्रं आणायची. सिंहासनावर महाराज, बुरुजावर मावळे, तोफा, गुहेत वाघ. आणि बायका? त्याही असतातच! डोक्यावर घडे घेतलेली गवळण, जात्यावर बसलेली बाई, विहिरीवर पाणी शेंदणारी, भाजी विकणारी. मी दरवर्षी स्वतःच्या हाताने निवडून त्या आणायचो आणि पायथ्याच्या गावात मांडायचो. तेव्हा कोणी 'बाहुल्या खेळतोय' म्हणून हसलं नाही.

ही गोष्ट माझ्या डोक्यात फार उशिरा शिरली. मुलाच्या हातात बाईची मूर्ती असण्याला कोणाचाच आक्षेप नव्हता. ती पायथ्याशी पाणी भरत असेल तर बिनधास्त असू दे. ती बुरुजावर चढली, हातात शस्त्र घेऊन पोराची हिरो झाली, की मग मात्र पंचाईत. राजाराम महाराज गेल्यावर १७०० पासून सात वर्षं औरंगजेबाच्या फौजेशी झुंज चालवणाऱ्या ताराराणी आपल्याच. पण घोड्यावरच्या ताराराणींचं मातीचं चित्र काही मला आमच्या बाजारात कधी दिसलं नाही. गवळणी मात्र ढिगाने.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. मुलाकडे बाईची अ‍ॅक्शन फिगर असली म्हणजे तो लगेच थोर झाला असं नाही. ती फिगर कशी बनवलीय आणि कशासाठी कपाटात ठेवलीय यावरही बरंच अवलंबून असतं. हॉस्टेलच्या भिंतींवर नायिकांची पोस्टरं कमी नाहीत आणि ती का लावलेली असतात हे आपण सगळे जाणतो. म्हणून प्रश्न 'आहे का' एवढाच नाही. खेळात तिला काम कोणतं दिलंय, हा आहे.

इथे मला एका खोडीची आठवण होते, आपल्या शाखांना आवडेल अशी. १९९२ मध्ये एक बोलकी बार्बी निघाली. तिच्या वाक्यांत गणिताचा तास अवघड असतो अशा अर्थाचंही एक वाक्य होतं. दुसरीकडे बोलका जी. आय. जो युद्धाच्या डरकाळ्या फोडायचा. १९९३ मध्ये अमेरिकेत काही खोडकर लोकांनी 'बार्बी लिबरेशन ऑर्गनायझेशन' या नावाने दुकानांतून शेकडो बाहुल्या विकत आणल्या, उघडल्या, दोघांच्या आवाजाच्या पेट्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा नीट पॅक करून गुपचूप दुकानात ठेवून दिल्या! नाताळात पोरांनी डबे उघडले तर बार्बी शत्रूवर गुरकावतेय आणि सैनिक गोड आवाजात गप्पा मारतोय. आपल्याकडे सोल्डरिंग आयर्न फक्त मिनी प्रोजेक्टच्या आदल्या रात्री बाहेर निघतं. त्या मंडळींनी त्याचा याहून चांगला उपयोग केला म्हणायचा.

आता मुद्द्यावर येतो. हा लेख मी लहानपणाच्या आठवणी काढायला लिहीत नाहीये. गेल्या वर्षी आमच्या बाहाच्या टीममध्ये कॅप्टन निवडायचा होता. आम्ही पंचवीस जण, त्यात मुली चार. त्यातल्या एकीने सस्पेन्शनचं डिझाईन जवळजवळ एकटीने ओढलं होतं. रोल केजच्या वेल्डिंगला ती रात्री नऊपर्यंत उभी असायची, नऊनंतर हॉस्टेलचं गेट बंद होतं म्हणून नाइलाजाने जायची. तिने कॅप्टनपदासाठी नाव दिलं. आणि चर्चा सुरू झाली. "रात्री वर्कशॉपला कोण थांबणार?" "सीनियर पोरं तिचं ऐकतील का?" "त्यापेक्षा तिने स्पॉन्सरशिप बघावी, तिला कोणी नाही म्हणणार नाही." शेवटचं वाक्य माझं होतं. सगळे हसले. मलाही बरं वाटलं. ती दोन मतांनी हरली. मी तिला मत दिलं नव्हतं.

नीट आठवून बघा. आपल्या टेक्निकल फेस्टमध्ये मुली असतातच की. रांगोळीला असतात, सूत्रसंचालनाला असतात, पाहुण्यांना बुके द्यायला असतात, फाइली सुबक करायला असतात. त्याला कोणाचाच आक्षेप नसतो. पायथ्याच्या गावात जागा भरपूर आहे. बुरुजावर मात्र एकदम आपल्याला रात्रीचे नऊ, सीनियर पोरं आणि हॉस्टेलचं गेट आठवतं. हॉस्टेलच्या गेटची वेळ बदलून घेऊ या, असं त्या दिवशी पंचविसांपैकी एकालाही सुचलं नाही. मलाही नाही.

आणि मी का हसलो होतो? मी तर लहानपणी ब्लॅक विडो मागून घेतलेला मुलगा! म्हणूनच, असं आता वाटतं. गल्लीत ज्याला एकदा हसलेत तो पुढच्या वेळी हसणाऱ्यांमध्ये उभा राहायची काळजी घेतो. मुलींना कमी लेखणं आपण कुठल्या पुस्तकात शिकत नाही. 'माझी नाहीये, बहिणीची आहे' असं एकदा घाबरून म्हणतो, आणि पुढे आयुष्यभर तेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत म्हणत राहतो.

नंतर एकदा वर्कशॉपमध्ये आम्ही दोघंच होतो तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. स्पॉन्सरशिपचं वाक्य माझं होतं आणि मतही दिलं नव्हतं, हेही. मला वाटलं ती चिडेल, किंवा मग मोठ्या मनाने माफ करेल. तिने हातमोजे काढले आणि म्हणाली, "माहितेय रे मला. मत मोजायला मीच होते. तो ए-आर्म धर जरा, तिरका जातोय." मी धरला. पुढच्या महिन्यात पुन्हा निवड आहे. या वेळी मी काय बोलणार आहे ते इथे छापून ठेवतोय, म्हणजे नंतर शब्द फिरवता येणार नाही : माझं मत तिला, आणि गेटच्या वेळेचा अर्ज घेऊन रेक्टरांकडे आधी मी जाणार.

जाता जाता एवढंच. परवाच्या दिवाळीत घरी गेलो होतो. बहीण आता दहावीला आहे, पण किल्ला करायची तिची हौस गेलेली नाही. किल्ला जवळजवळ झाला होता. चित्रं मांडताना मला काहीतरी आठवलं आणि मी आईच्या मशीनचा खण उघडला. रिळांच्या खाली ती होती. एक हात थोडा ढिला झालाय, केसांचा रंग उडालाय. बाकी जशीच्या तशी. मी तिला नेऊन सगळ्यात उंच बुरुजावर उभी केली. बहीण म्हणाली, "दादा, महाराजांच्या काळात ही कुठून आली?" म्हटलं, "असू दे गं, पाहुणी आहे."

संध्याकाळी शेजारचा सात-आठ वर्षांचा मुलगा किल्ला बघायला आला. तोफा बघितल्या, वाघ बघितला आणि मग बुरुजाकडे बोट करून त्याने विचारलं, "ही कोण?"

"किल्लेदार," मी म्हणालो.

तो जरा वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताईची बाहुली आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "माझी आहे."